आई, ब्लाउजचं माप पाठवतेय

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते, पण आईचा आवाज बदलला की मी माघार घेते, म्हणून लिहितेय. मंगळवारी ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या फॉलो-अपला गेले आणि डॉक्टरांना सांगून आले, नवीन स्तन बसवायचं ऑपरेशन मला नको. सिलिकॉन नको, पोटाचं मांस काढून तिथे लावणंही नको. पैशांमुळे नाही हां बाबा, एफडी मोडायचं काढू नका. डॉक्टरांनी घाई केली नाही, मीच पाच महिने विचार केला. परत भूल, परत त्या नळ्या, परत उशा लावून झोपणं, कशासाठी? लग्नात कोणी बघेल म्हणून?

आई, तू कापसात मोहरी भरून ती छोटी उशी शिवलीस ना, काढलेल्या बाजूला रोज आत घालायचे. मे महिन्यात घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये घामाने कातडी सोलवटायची, तुला बोलले नाही. आता घालत नाही. पण टाकली नाहीये गं, आजीच्या नथीच्या डबीशेजारी ठेवलीय, तुझे टाके आहेत त्यावर.

तुझी पिशवी काढली तेव्हा मी नववीत होते, तू काय कमी बाई झालीस का? काका गेल्यावर काकूला हळदीकुंकू तूच लावलंस, आजी किती चिडली होती. आणि केमोला माझ्याजवळ बसून असायची ना ऑफिसमधली, जिला तू चकल्या पाठवल्यास, ती मुलगा म्हणून जन्मली होती. 2014 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्यानंतर कागदावरही बाई झाली. आता ती म्हणाली घरी सांग, म्हणून सांगतेय.

मी जेवते नीट, पोळ्यांना मावशी येतात. काखेतल्या गाठी काढल्यात म्हणून डाव्या हाताने जड काही उचलत नाही, बीपीचा पट्टाही त्या हाताला लावू देत नाही. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम रोज करते. फक्त रात्री कधीतरी वाटतं, बाबांनी तापात चेपायचे तसे पाय चेपावेत.

आणि आई, मॅमोग्राफी. मला झालाय म्हणजे तुलाही धोका जास्त धरतात, पुढच्या महिन्यात इकडे यायचं, कारणं नकोत. बाबा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नसते, कळलं?

मनूच्या लग्नातला ब्लाउज तूच शिव. डावीकडे टक्स घालू नकोस, सरळ ठेव. माप सोबत आहे.

तुमची,
ठमी