परदेशातील निवृत्तीचा हिशेब ऐंशीव्या वर्षापर्यंत मांडावा

माननीय संपादक महोदय,

निवृत्तीनंतर थायलंड, मलेशिया अशा उष्ण हवामानाच्या आणि स्वस्त समजल्या जाणाऱ्या देशांत जाऊन राहण्याचा विचार हल्ली गोव्यातील मध्यमवर्गीय घरांतही ऐकू येऊ लागला आहे. मुले परदेशी स्थिरावलेली, किनारपट्टीवरची घरभाडी आणि रहदारी दरवर्षी वाढत चाललेली, आणि समुद्र, माड, भात, मासळी हे सारे तिकडेही आहेच, अशा विचाराने माझ्या परिचयातील काही समवयस्क थायलंडमधील चियांग माई आणि हुआ हिन येथील सदनिकांची चौकशी करू लागले आहेत. या इच्छेत गैर काहीच नाही. ज्या भूमीतील माणसे पूर्व आफ्रिकेत, आखातात आणि पोर्तुगालात जाऊन राहिली, तिला परदेशाचे वावडे असण्याचे कारण नाही. मात्र हा हिशेब बहुतेक जण साठाव्या वर्षीच्या प्रकृतीवर आणि त्या वर्षीच्या पेन्शनवर मांडतात, हे पाहून मला काळजी वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

थायलंडमध्ये पन्नाशी पूर्ण केलेल्या परदेशी व्यक्तीला निवृत्त म्हणून राहता येते. परंतु त्यासाठी तेथील बँकेत ८ लाख बाट ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५,००० बाटांचे उत्पन्न दाखवावे लागते, परवान्याची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते आणि दर ९० दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. आजच्या दराने ही ठेव वीस लाख रुपयांच्या वर जाते आणि मासिक उत्पन्नाची अट दीड लाखांच्या वर. येथून निवृत्त झालेल्या किती शिक्षकांना किंवा कारकुनांना एवढी पेन्शन मिळते? या देशांना स्वस्त ठरवले ते डॉलर आणि पौंडांत पेन्शन घेणाऱ्यांनी, आणि त्यांच्यापुरते ते खरेही आहे. आपली पेन्शन रुपयांत येते. दहा वर्षांपूर्वी दोन रुपयांच्या आत मिळणारा बाट आज अडीच रुपयांच्या पुढे गेला आहे, आणि महागाई भत्त्यातील वाढ ही भारतातील महागाई पाहून ठरते, बँकॉकमधील नव्हे. मलेशियाच्या दीर्घ वास्तव्याच्या योजनेतील मुख्य श्रेणी तर २०२४ पासून सर्वसाधारण निवृत्तांच्या आवाक्याबाहेरच गेल्या आहेत, कारण त्यांतील सर्वांत खालच्या, म्हणजे रौप्य श्रेणीलाही दीड लाख डॉलरची ठेव आणि किमान ६ लाख रिंगिटच्या घराची खरेदी आवश्यक आहे.

सर्वांत कमी बोलला जाणारा, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर, प्रश्न मागे राहणाऱ्या जोडीदाराचा आहे. बहुतेक जोडप्यांत परवाना पतीच्या नावावर असतो आणि पत्नी त्याच्यावर अवलंबून म्हणून तेथे राहते. पतीच्या निधनानंतर तो आधार संपतो आणि तिला स्वतःच्या नावे ठेव किंवा उत्पन्न दाखवून नव्याने परवानगी मागावी लागते. केंद्र सरकारच्या पेन्शन नियमांनुसार, पेन्शनधारकाचा मृत्यू वयाच्या सदुसष्टाव्या वर्षानंतर झाला तर कुटुंबनिवृत्तिवेतन अखेरच्या मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येते. म्हणजे ज्या महिन्यात त्या बाईला परक्या भाषेत दाखल्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतील, त्याच महिन्यापासून तिच्या हाती येणारी रक्कम ४० टक्क्यांनी कमी होईल. जोडप्याने जाण्याआधी या एका परिस्थितीचा हिशेब कागदावर मांडून दोघांनी मिळून वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आजारपणाचेही तसेच आहे. थायलंडमधील खासगी रुग्णालये उत्तम आहेत, याबद्दल दुमत नाही. पण निवृत्तांच्या ‘ओ-ए’ प्रकारच्या व्हिसासाठी ३० लाख बाटांचे विमासंरक्षण लागते आणि वाढत्या वयात त्याचा हप्ता चढत जातो. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाविषयी आपण कितीही तक्रारी करत असलो, तरी तेथील दार आपल्यासाठी उघडे असते. परदेशी असे दार नाही.

घराबद्दल एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते, ती म्हणजे येथील घर विकून जाऊ नये. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्यानुसार विवाहानंतरची मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांच्या समान मालकीची असते आणि पत्नीच्या सहीशिवाय विक्री होत नाही. ती सही देताना प्रत्येक भगिनीने थांबून विचार करावा. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. सदनिका घेता येते, तीही त्या इमारतीतील ४९ टक्के क्षेत्राच्या मर्यादेत. याशिवाय स्थायिक होण्यासाठी देश सोडला की आपली बँक खाती अनिवासी खात्यांत बदलावी लागतात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे खाते उघडता येत नाही, आणि जाण्याआधी, निवासी असतानाच, वर्षाला दहा लाखांहून अधिक रक्कम बाहेर पाठवल्यास वरच्या रकमेवर २० टक्के कर आधी वसूल केला जातो. तो विवरणपत्र भरल्यावर समायोजित होतो हे खरे, पण तोवर पैसा अडकून पडतो.

दुसरी बाजूही आपणच सांगू शकतो. हणजूण, मोरजी, हरमल येथे बाहेरून आलेल्यांना जे भाडे स्वस्त वाटले, त्याच भाड्याने गावातील तरुण जोडप्यांना बिऱ्हाड मिळणे कठीण झाले. चियांग माईतील एखाद्या गल्लीत आपण तेच घडवणार असू, तर जाणाऱ्याने त्याचीही जाण ठेवावी.

ज्यांना ओढ आहे त्यांनी पावसाळ्यातले दोन-तीन महिने तेथे राहून यावे. घर, खाती आणि येथील उपचाराची सोय तशीच राहते. कायमचे जाऊ पाहणाऱ्यांसाठी राज्याच्या अनिवासी भारतीय व्यवहार आयुक्तालयाने परवाना, विमा, कर आणि कुटुंबनिवृत्तिवेतन यांची माहिती देणारी पुस्तिका मराठी आणि कोंकणीत काढावी, पेन्शनधारकांच्या संघटनांनी तालुकावार मार्गदर्शन ठेवावे, आणि आपल्या दैनिकाने परदेशातील निवृत्तीवर लेख छापताना सोबत जोडीदाराच्या पश्चात उरणाऱ्या उत्पन्नाचा तक्ताही द्यावा, अशी नम्र मागणी आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त लेखाधिकारी, फोंडा