एडच्या पायाकडे बघ

पुणे,
नोव्हेंबर 2025

प्रिय मुग्धा,

तुझी लांबलचक व्हॉइस नोट ऐकली. इतक्या रागाला उलट व्हॉइस नोट पाठवली असती तर मीही तशीच तावातावाने बोलले असते, म्हणून लिहायला बसले. तुझं म्हणणं मला कळलं ते असं: ‘सबट्रॅक्ट’ हा अल्बम आला तेव्हा इंग्लिश गायक एड शीरन एकदाचा मोठा झाला, खोल झाला, आणि ‘प्ले’ हा नवा अल्बम काढून त्याने सगळ्यावर बोळा फिरवला. त्यातलं ‘सफायर’ तर तुला मुळीच सहन होत नाही. शाहरुख आहे, अरिजित आहे, व्हिडिओत अख्खा भारत हिंडून झालाय. ‘लोकसंख्या बघून गाणं केलंय’ हे तुझं वाक्य मी इथे दोघाचौघांना ऐकवलं, सगळे हसले. पटलं मात्र नाही. (त्यातलंच ‘अझीझम’ भिकार आहे म्हणालीस आणि नोटच्या शेवटी भांडी विसळताना तेच गुणगुणत होतीस. ऐकू येतं गं.)

तू अल्बमवरून ठरवतेस की हा माणूस कुठे चाललाय. मी म्हणते, त्याच्या पायाकडे बघ. ते पेडल, तो लूपर, म्हणजे आत्ता वाजवलेलं टिपून तेच पुन्हा पुन्हा फिरवत ठेवणारं यंत्र. त्याने कसली गाणी लिहायची हे गेली पंधराएक वर्षं ते पेडलच ठरवत आलंय असं माझं ठाम मत झालंय, आणि ते झालं 30 जानेवारीला, बिबवेवाडीत, यश लॉन्सवरच्या त्याच्या कार्यक्रमात.

तू मँचेस्टरला 2022 मध्ये पाहिलास तो एड वेगळा होता. मैदानाच्या मधोमध गोल मंच, आणि काही गाण्यांना भोवतीच्या छोट्या मंचांवर बॅन्ड. आम्हाला मिळाला तो एकटा. गिटार, माइक आणि पायाशी ती यंत्रणा. गाणं सुरू होतं म्हणजे काय होतं, तर तो गिटारच्या अंगावर थाप मारतो. लाकडावर नुसती थाप. पायाने कळ दाबतो आणि ती थाप फिरायला लागते, ढोलासारखी छातीत लागते. मग खालच्या तारांवर चार स्वर, ते फिरायला लागतात. मग तारा दाबून कॉर्ड्सची खरखर. मग स्वतःच्याच आवाजाचा एक थर, त्यावर दुसरा. तोवर गाणं सुरूसुद्धा झालेलं नसतं आणि समोर पाच जणांचा ताफा वाजतोय असं वाटतं. यातलं आधीपासून भरून ठेवलेलं काहीच नाही, दर गाण्याला शून्यापासून सुरुवात.

आपल्याकडच्या तबला सोलोत हार्मोनियमवर लेहरा चालतो ना, एकच आवर्तन, पुन्हा पुन्हा, आणि तबलजी त्याच्या जिवावर वाट्टेल तिकडे जाऊन परत येतो, तसंच आहे हे. फरक एवढाच की इथे लेहरा धरणारा आणि त्यावर खेळणारा माणूस एकच. शिवाय कळ बरोबर समेवर दाबायला हवी. जरा पुढेमागे झाली तर ती चूक दर आवर्तनाला तोंड दाखवत राहणार, गाणं संपेपर्यंत. मी पूर्ण वेळ त्याच्या उजव्या पायाकडेच बघत होते. शेजारच्या मुलीने विचारलंसुद्धा, ‘खाली काही पडलंय का?’

लोकांना हे खरं का वाटत नाही ते मला कळतं. 2017 ला इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवाच्या मुख्य मंचावर तो शेवटच्या रात्री असाच एकटा उभा राहिला, आणि घरी टीव्हीवर बघणाऱ्यांनी ओरड केली की हा बॅकिंग ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत, लावून गातो. त्याला जाहीर सांगावं लागलं की बाबांनो, हे लूप स्टेशन आहे, सगळं इथल्या इथे वाजतंय.

हे पेडल त्याच्याकडे आलं कसं तेही बघ. हा सफोकमधल्या फ्रॅमलिंगमचा मुलगा. गॅरी डन नावाच्या आयरिश गायकाला त्याने लूप वापरताना पाहिलं आणि त्याच्याकडूनच ते शिकून घेतलं. पुढची काही वर्षं पबमध्ये गाण्यात गेली. पबमध्ये कोण ऐकतं? गिटारवाला कोपऱ्यात गातोय, लोक आपले बिअर पिताहेत. पण एकटा पोरगा स्वतःच्या आवाजावर आवाज चढवायला लागला की माना वळतात. म्हणजे गोंगाटावर मात करायला उचललेली ती युक्ती होती. तीच घेऊन तो 2015 मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमला गेला, लागोपाठ तीन रात्री, दर रात्री ऐंशी हजारांवर माणसं, आणि मंचावर हा एकटा. मग ‘डिव्हाइड’ अल्बमचा दौरा. 2017 ते 2019, 255 कार्यक्रम. संपेपर्यंत त्याने दौऱ्याच्या कमाईत यू-टू या आयरिश बॅन्डचा विक्रम मोडला. बॅन्डचा पगार वाचवून, असं तू म्हणणार. म्हण.

आता माझा खरा मुद्दा. फिरत्या आवर्तनावर थर चढवायचे तर खालचं आवर्तन बदलून चालत नाही. मध्येच कॉर्ड्स वेगळीकडे गेल्या तर आधी चढवलेले सगळे थर बेसूर होतात. म्हणजे पेडलला आवडणारं गाणं एका विशिष्ट घडणीचंच असतं: तेच चार कॉर्ड्स पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि चढउतार फक्त थर वाढवून-कमी करून. ‘शेप ऑफ यू’ घे. आरंभी जे वाजतं तेच शेवटपर्यंत फिरतं. हे गाणं लिहिताना त्याच्या डोक्यात रिहाना होती, स्वतः गायचा विचारही नव्हता, आणि तेच त्याचं सगळ्यात मोठं गाणं ठरलं. स्पॉटिफायवर 3 अब्जांचा टप्पा गाठणारं पहिलं गाणं. मला त्यात योगायोग दिसत नाही. दहा वर्षं पायाने विचार करणाऱ्या माणसाच्या हातून दुसऱ्यासाठीही तसलंच गाणं निघणार.

याच्या उलट ‘परफेक्ट’. ते सहा मात्रांच्या झोक्यावर चालतं, दादऱ्यासारखं. त्याला थरांचा डोलारा लागतच नाही. पुण्यात ते आलं तेव्हा गिटार, आवाज आणि सगळं मैदान, बस. माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात चांगलं ऐकू आलेलं गाणं तेच होतं. कारण (हे तुझ्या बाजूचं आहे, खूश हो) लूपचे सगळे थर चढले की शब्द बुडतात. ठेका उरतो, ऊर्जा उरते, पण हा काय म्हणतोय ते ज्याला पाठ आहे त्यालाच कळतं. आणि हा तर ‘द ए टीम’ लिहिणारा माणूस. रस्त्यावर राहणाऱ्या, व्यसनात बुडालेल्या बाईचं ते गाणं, त्याचा जीव शब्दांत आहे. लूपर असल्या गाण्यांना कार्यक्रमात हळूहळू कोपऱ्यात ढकलतो, आणि थरांची गाणी जिंकत जातात. मला याचंच खरं वाईट वाटतं. तुला बाजाराचा राग येतो, मला पेडलचा येतो, एवढाच आपल्यातला फरक असेल.

‘सबट्रॅक्ट’ तुला एवढा वेगळा का वाटला याचं उत्तरही मला इथेच सापडतं. दुःख होतंच. फेब्रुवारी 2022 मध्ये बायको गरोदर असताना तिला ट्यूमर असल्याचं कळलं, आणि त्याच महिन्यात जमाल एडवर्ड्स गेला, त्याला उमेदवारीच्या काळात उचलून धरणारा मित्र. पण दुःख आधीच्या अल्बमांतही होतं. या वेळी नवीन होतं ते असं, की आरन डेसनर या निर्मात्याने आधी वाद्यांचे तुकडे करून पाठवले आणि एडने त्यांवर गाणी लिहिली. पाया दुसऱ्याने घातला. पहिल्यांदाच गाणं त्याच्या पायाशी सुरू झालं नाही. म्हणून तिथे कॉर्ड्स हव्या तिथे वळतात, मध्येच शांत जागा येतात, श्वास ऐकू येतो. ‘थिंकिंग आउट लाउड’ हे त्याचं गाणं दुसऱ्या गाण्यावरून उचललंय या आरोपाच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल दिला तो 4 मे 2023 ला, आणि दुसऱ्याच दिवशी हा अल्बम आला. कोर्टात गिटार घेऊन तो दाखवत होता की या कॉर्ड्स कोणाच्याही मालकीच्या नाहीत, सगळेच वापरतात. आणि बाहेर येऊन त्याने दिला तो असा अल्बम, ज्यात तो त्या कॉर्ड्सना सगळ्यात कमी चिकटून आहे! मला ही गंमत फार आवडते.

पण त्या गाण्यांचं मंचावर काय झालं? अमेरिकेत तो ती छोट्या थिएटरांत गायला, दुसऱ्या दिवशी शेजारच्या स्टेडियममध्ये नेहमीचा कार्यक्रम. म्हणजे त्यालाही वाटत होतं की ही गाणी मोठ्या मैदानात टिकत नाहीत. टिकत नाहीत असं मी मानत नाही. बॅन्ड दे, व्हायोलिनवाले दे, मग बघ. त्याने तसं करून बघितलंच नाही पुरेसं.

आता ‘प्ले’. त्यानेच सांगितलंय की आयुष्यातल्या सगळ्यात काळ्या काळाला दिलेलं हे उत्तर आहे, तेव्हा रंगीबेरंगी असणारच. शेवटचं काम गोव्यात झालं, इथल्या वादकांना बरोबर घेऊन. ‘अझीझम’ इल्या या मूळच्या इराणी कुटुंबातल्या स्वीडिश निर्मात्याबरोबर. आयरिश, इराणी आणि भारतीय संगीतात मला एक धागा दिसतो असं तो सांगत फिरतो, आणि तू त्यावर डोळे फिरवतेस. मी नाही फिरवत. आयरिश पाइप्सना एक सतत धरलेला सूर असतो, आपल्याकडे तंबोरा आहे. एक सूर धरायचा, एक ठेका फिरवत ठेवायचा आणि वर गात सुटायचं. ज्याचं सगळं वादन आवर्तनावर उभं आहे त्याला हे घर वाटलं तर नवल काय? बाजार बघितला नसेल असं मी म्हणत नाही, तो काही साधू नाही. पण ‘सफायर’ ही त्याने मोडलेली वाट नव्हे. लूपरच्या वाटेनेच सरळ चालत गेलं की ते गाव लागतं.

चेन्नईचं आठव. फेब्रुवारीत तिथे रहमान मंचावर आला आणि ‘उर्वशी’ आणि ‘शेप ऑफ यू’ एकमेकांत मिसळली. व्हिडिओ बघ, कुठेही ओढाताण नाही. 1994 चं तमिळ गाणं आणि हे, दोन्ही एका फिरत्या ठेक्यावर उभी, म्हणून सांधा दिसत नाही. बंगळुरूला शिल्पा राव बरोबर तो तेलुगूत गायला, तेही लोकांनी डोक्यावर घेतलं. त्याच शहरात चर्च स्ट्रीटच्या फुटपाथवर गायला लागला तर पोलिसांनी माइक बंद केला. स्टेडियम भरणारा माणूस, आणि फुटपाथ दिसला की पाय वळतातच.

‘सफायर’बद्दल माझी तक्रार वेगळी आहे. पहिल्यांदा आलेल्या गाण्यात अरिजित इतका मागे आहे की शोधावा लागतो. एवढा गळा बोलावलास आणि साथीला बसवलास! दुसरं म्हणजे एडचे पंजाबी उच्चार. गोड आहेत, पण पाठ केलेले कळतात. 2024 ला मुंबईत दिलजितबरोबर ‘लव्हर’ गायला तेव्हा तेच चालून गेलं, कारण तिथे तो पाहुणा होता आणि मजा करत होता. स्वतःच्या गाण्यात थोडी जास्त मेहनत हवी होती.

आणि आता जानेवारीपासून न्यूझीलंडहून नवा दौरा, नाव ‘लूप टूर’. नाव ऐकून तू खूश झाली नसशील, मीही नाही झाले. ‘प्ले’मध्ये तबला आहे, तऱ्हेतऱ्हेची वाद्यं आहेत, आणि मंचावर पुन्हा पेडलचाच जयजयकार होणार. मी असते तर उलट केलं असतं. लूपर चार-पाच गाण्यांपुरता ठेवायचा, जिथे ती कसरतच गाण्याचा प्राण आहे. ‘ब्लडस्ट्रीम’ त्याच्याशिवाय मला नकोच. जुनी शब्दांची गाणी उघड्या गिटारवर. आणि बाकी सगळ्याला माणसं. गोव्यात ज्यांच्याबरोबर वाजवलं त्यांच्यातले चार जण घेऊन फिर ना बाबा, कमाई तर पुरेल इतकी आहे. एकट्याने स्टेडियम हलवता येतं हे त्याने दहा वर्षांपूर्वी सिद्ध केलं. आता ते कोणाला सिद्ध करून दाखवतोय?

तुझी दुसरी भीती, की तो आता असाच नाचत राहणार, मला तितकीशी नाही. पुढचे अल्बमही त्याने आधीच ठरवलेत, टेपरेकॉर्डरच्या बटणांवरून: पॉज, रिवाइंड, फास्ट फॉरवर्ड, स्टॉप. आणि ‘इजेक्ट’ म्हणे त्याच्या मृत्यूनंतर यायचा, मृत्युपत्रात तशी सोय केलीय. एवढा हिशेबी माणूस एकाच रंगात राहणार नाही. माझी आशा ‘पॉज’वर आहे. तिथे कोणीतरी पुन्हा त्याच्यासाठी पाया घालून द्यावा, डेसनर असो नाहीतर आपल्याकडचा एखादा.

तू एक कर. रागावून ‘प्ले’ बंद करायच्या आधी वेम्ब्लीच्या 2015 च्या मैफलीतलं ‘ब्लडस्ट्रीम’ हेडफोन लावून ऐक, आणि लगेच ‘सफायर’. गायकाकडे लक्ष देऊ नकोस, खाली काय फिरतंय ते ऐक. मग मला सांग की हे दोन वेगळे एड आहेत. आणि एक यादी पाठव: पूर्ण बॅन्ड घेऊन त्याने मंचावर गायलाच हवीत अशी पाच गाणी. माझं पहिलं नाव ‘सबट्रॅक्ट’मधलं ‘बोट’. बघ, इतकं भांडून शेवटी तुझ्याच अल्बममधलं निघालं. दुसरं ‘द ए टीम’ लिहिणार होते, पण त्याला बॅन्ड दिलेला मला खपणार नाही, तेव्हा ती जागा तू भर.

तुझी,
वैदू