राजकीय कैद्यांच्या मुलांसाठी सरकारबाहेरचा निधी हवा

संपादक महोदय,

आणीबाणीतील मिसाबंदींच्या (‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली तुरुंगात टाकलेल्यांच्या) मानधनाचा विषय अधूनमधून चर्चेत येतो. परंतु घरातील कर्ता माणूस तुरुंगात असताना मुलांची फी कोण भरत होते, हे त्या चर्चेत क्वचितच विचारले जाते. या संदर्भात अमेरिकेतील ‘रोझेनबर्ग फंड फॉर चिल्ड्रेन’ या संस्थेचा उल्लेख करावासा वाटतो.

सोव्हिएत संघासाठी हेरगिरीचा कट केल्याच्या आरोपावरून ज्युलियस व एथेल रोझेनबर्ग यांना १९ जून १९५३ रोजी सिंग सिंग तुरुंगात विजेच्या खुर्चीवर देहान्त शिक्षा देण्यात आली, तेव्हा त्यांचा मुलगा मायकेल दहा आणि रॉबर्ट सहा वर्षांचा होता. अटकेनंतर कधी बालगृहात, कधी आजीकडे, कधी परिचितांकडे राहिलेल्या या भावांना पुढे एबल व ॲन मीरोपोल या दांपत्याने दत्तक घेतले. त्यांच्या पालनपोषणासाठी रोझेनबर्ग यांचे वकील इमॅन्युएल ब्लॉक यांनी लोकवर्गणीतून निधी उभा केला होता. त्या मदतीचे ऋण मानणाऱ्या रॉबर्ट मीरोपोल यांनी १९९० मध्ये हा फंड स्थापन केला.

चळवळीपायी ज्यांची नोकरी गेली, ज्यांना तुरुंगवास वा छळ सोसावा लागला, अशा अमेरिकेतील कार्यकर्त्यांच्या मुलांना फंड मदत करतो, आणि त्यात शाळेच्या फीइतकेच समुपदेशन, संगीताचा वर्ग, सुट्टीतील शिबिर यांनाही स्थान आहे. पैसे पालकांच्या हाती न देता थेट शाळेला वा शिक्षकांना दिले जातात, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. वडिलांनी हेरगिरी केली होती, हे रोझेनबर्ग यांच्या दोन्ही मुलांनी २००८ मध्ये मान्य केले. तरीही फंडाचे काम थांबले नाही, कारण त्याचा पाया आई-वडिलांचे निर्दोषत्व हा नव्हताच. मात्र ही मदत पुरोगामी कार्यकर्त्यांच्याच मुलांपुरती आहे. खासगी संस्थेला तो अधिकार असला, तरी आपल्याकडे असे काही उभे राहिल्यास ही अट नसावी.

महाराष्ट्रात मिसाबंदींना मानधन देण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला, म्हणजे त्यांची मुले स्वतः प्रौढ झाल्यानंतर. सरकार बदलल्यावर २०२० मध्ये ते बंद झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा सत्ताबदल होताच सुरू झाले. असा निधी नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाने लोकवर्गणीतून उभारावा आणि खटल्याच्या निकालाची वाट न पाहता अटकेच्या वर्षीच मुलाच्या शाळेत फी भरावी, अशी माझी सूचना आहे.

– एक वाचक, सातारा