कॅमेरा भिंतीवर लागला, पण सेटिंग कोणी केली?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गृहनिर्माण सोसायट्या, दुकाने, शाळा, मंगल कार्यालये अशा सर्वच ठिकाणी आता नेटवर्कवर चालणारे आयपी कॅमेरे लागले आहेत. बसवणारा वायर ओढतो, कॅमेरा भिंतीवर लावतो, मोबाइलवर चित्र दाखवतो आणि बिल देऊन जातो. चित्र दिसले म्हणजे काम झाले, असे घेणाराही धरून चालतो. पण प्रत्येक आयपी कॅमेऱ्याच्या आत सेटिंगचे एक वेबपान असते. ब्राउझरमध्ये कॅमेऱ्याचा पत्ता टाकला की ते उघडते. चोरी किंवा अपघात झाल्यावर फुटेज कामाला येणार की नाही, हे त्या पानावर ठरते. बसवल्या दिवसानंतर ते बहुतेक ठिकाणी कोणी उघडलेलेच नसते. कार्यकारिणीच्या सदस्यांना आणि दुकानदारांना ते स्वतः तपासता यावे, निदान बसवणाऱ्याकडून नेमके काय करून घ्यायचे हे कळावे, म्हणून हे सविस्तर पत्र.

पहिली अडचण पान उघडण्याचीच येते. नवा कॅमेरा कारखान्यातून ठरावीक पत्ता घेऊन येतो. हिकव्हिजनचा साधारणपणे १९२.१६८.१.६४ असतो, दाहुआचा १९२.१६८.१.१०८. राउटर मात्र वेगळ्या मालिकेत असू शकतो. उदाहरणार्थ, जिओ फायबरचा राउटर मुळात १९२.१६८.२९.१ वर असतो. अशा राउटरला जोडलेल्या लॅपटॉपवरून १९२.१६८.१.६४ कितीही वेळा टाकले तरी काही उघडत नाही आणि धडधाकट कॅमेरा खराब ठरून दुकानात परत जातो. खरे तर पत्त्यांचे पहिले तीन भाग जुळत नसतात, एवढेच. अशा वेळी लॅपटॉपचे वाय-फाय बंद करावे, लॅपटॉप आणि कॅमेरा एकाच पीओई स्विचला (नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणाऱ्या जोडपेटीला) जोडावेत आणि लॅपटॉपच्या इथरनेटला हाताने १९२.१६८.१.५० हा पत्ता व २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क द्यावा. पान लगेच उघडते. कॅमेऱ्याचा पत्ताच माहीत नसेल तर कंपन्यांची मोफत शोध-सॉफ्टवेअर आहेत. हिकव्हिजनचे एसएडीपी आणि दाहुआचे कॉन्फिगटूल वेगळ्या मालिकेतला कॅमेराही शोधून दाखवते.

आठ नवे कॅमेरे एकदम स्विचला लावण्याची घाई करू नये. सगळ्यांचा पत्ता एकच असल्याने कधी एक उघडतो, कधी दुसरा, आणि पार्किंगच्या कॅमेऱ्यावर ‘लिफ्ट’ असे नाव पडते. एक जोडावा, त्याचा पत्ता बदलावा, तो कागदावर उतरवावा, मग पुढचा घ्यावा.

जुन्या कॅमेऱ्यांत पान उघडते पण चित्राच्या जागी काळा चौकोन दिसतो, कारण त्यांना इंटरनेट एक्सप्लोररचे प्लगइन लागते आणि मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर १५ जून २०२२ रोजी बंद केला. एज ब्राउझरमध्ये ‘आयई मोड’ सुरू केला की काम भागते. सेटिंग बदलण्यासाठी चित्र दिसलेच पाहिजे असेही नाही.

कॅमेऱ्याला कायमचा पत्ता देताना तो राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा निवडावा. राउटर पत्त्याच्या शेवटच्या भागात १०० ते २०० वाटत असेल तर कॅमेऱ्यांना २० ते ४० ठेवावेत. नाहीतर एखाद्या दिवशी कोणाच्या तरी मोबाइलला तोच पत्ता मिळतो आणि कॅमेरा मधूनच गायब होतो. त्याच पानावर गेटवे (इंटरनेटकडे जाण्याचा मार्ग, म्हणजे राउटरचा पत्ता) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हे दोन रकाने असतात. बसवणारे ते हमखास मोकळे सोडतात, कारण त्यांच्याशिवायही चित्र दिसते. याचा परिणाम पुढे घड्याळावर होतो.

घड्याळाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त फुटेज इथेच निकामी होते. पुष्कळ कॅमेरे चीनच्या वेळेवर, म्हणजे जीएमटी अधिक ८ वर ठेवलेले येतात. आपली वेळ अधिक साडेपाच. फरक अडीच तासांचा. रात्री अकराला झालेली चोरी फुटेजमध्ये दीड वाजता दिसते, तीही दुसऱ्या दिवसाच्या तारखेखाली. पोलिसांनी अकराचे फुटेज मागितले की त्या वेळेच्या नोंदीत प्रत्यक्षातले साडेआठचे, लोक जेवणानंतर खाली फिरतानाचे चित्र निघते. ‘कॅमेऱ्यात काही आले नाही’ असे म्हणून प्रकरण तिथेच थांबते. म्हणून ‘सिस्टीम’ किंवा ‘टाइम सेटिंग’ या पानावर टाइम झोन अधिक ५.३० करावा आणि ‘डेलाइट सेव्हिंग’ बंद ठेवावे. ‘संगणकाशी वेळ जुळवा’ या बटणावर थांबू नये. त्याने आजची वेळ बरोबर होते, पण आतले घड्याळ रोज थोडे सरकत राहते. बॅकअपची बॅटरी नसलेला कॅमेरा तर वीज गेल्यावर २००० किंवा १९७० सालात जातो. एनटीपी (नेटवर्कवरून आपोआप वेळ जुळवण्याची सोय) सुरू करून त्यात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘समय१’ किंवा ‘समय२’ हे सर्व्हर, नाहीतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर टाकावा आणि ‘टेस्ट’ दाबून पाहावे. टेस्ट फसली तर दहापैकी नऊ वेळा डीएनएसचा तो मोकळा रकाना कारणीभूत असतो. नावावरून सर्व्हरचा पत्ता कॅमेऱ्याला सापडत नाही.

यात आणखी एक खोच आहे. एनव्हीआर, म्हणजे सगळ्या कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, बरेचदा स्वतःची वेळ कॅमेऱ्यांवर लादतो. कॅमेऱ्यात वेळ नीट केली आणि तासाभराने पुन्हा चुकली, तर दोष एनव्हीआरमध्ये शोधावा. घड्याळाचा मालक एकच असावा. एनव्हीआरला इंटरनेटवरून वेळ मिळावी आणि कॅमेऱ्यांनी ती एनव्हीआरकडून घ्यावी. कॅमेऱ्यांना इंटरनेट द्यायचेच नसेल तर हीच रचना उत्तम.

वेळेवर आणि फुटेजच्या पुराव्यावर किती काही अवलंबून असते, याचे ठळक प्रकरण आपल्याच राज्यातले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातले उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आले की नंतर, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरण न्यायालयात आणले नाही तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत (फाइलवरून काढलेला, तिच्यात जरा बदल झाला तरी बदलणारा सांकेतिक आकडा) लिहावी लागते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. तेव्हा मॉनिटरचे मोबाइलने चित्रीकरण करून व्हॉट्सअॅपवर पाठवणे हा पुरावा जपण्याचा मार्ग नव्हे. एनव्हीआरमधून मूळ स्वरूपातली फाइल पेनड्राइव्हवर काढावी, लगेच तिची एसएचए-२५६ हॅश काढून लिहून ठेवावी आणि त्या क्षणी एनव्हीआरचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटे पुढे-मागे होते, तेही नोंदवावे.

आता साठवणुकीकडे. ‘महिनाभराचे रेकॉर्डिंग राहील’ हे आश्वासन हिशेबाने तपासता येते. १०८०पी चित्र एच.२६४ या व्हिडिओ आकुंचनाच्या पद्धतीने ४ एमबीपीएस बिटरेटवर (सेकंदाला ४ मेगाबिट) ठेवले तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी खातो. आठ कॅमेऱ्यांना २ टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. सातव्या दिवशी तक्रार आली, तर पहिला दिवस पुसला गेलेला असतो. ‘व्हिडिओ’ पानावर एच.२६५ निवडून बिटरेट २ एमबीपीएस केला की हाच आकडा निम्म्यावर येतो. तरीही आठ कॅमेऱ्यांच्या तीस दिवसांना सुमारे ५.२ टीबी लागतात, म्हणजे ६ टीबीची डिस्क घ्यावी. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे) २५ वरून १५ केला तर माणसांच्या हालचाली ओळखायला काही कमी पडत नाही. आय-फ्रेमचे (पूर्ण साठवलेल्या चित्रांचे) अंतर फ्रेम रेटच्या दुप्पट, म्हणजे २५ ला ५० ठेवावे. ते फार वाढवले की रेकॉर्डिंग पुढे-मागे करताना हवा तो क्षण सापडत नाही.

चित्राच्या पानावर एवढे पाहावे: ‘अँटी-फ्लिकर’ ५० हर्ट्झवर हवा. ६० वर राहिला तर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात. दाराकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात दिवसा चेहरे काळे पडत असतील तर डब्ल्यूडीआर (उजेड-अंधाराचा तोल साधणारी सोय) सुरू करावा, मात्र रात्री तो बंद होईल असे वेळापत्रक लावावे. गाडीचा नंबर टिपायचा असेल तर शटर १/२५ सेकंदावर ठेवून चालणार नाही, चालती पाटी पुसट होते. फाटकाला त्यासाठी वेगळा, अरुंद कोनाचा कॅमेरा लागतो. २.८ मिमीच्या लेन्सने सगळे आवार दिसते, पण वीस मीटरवरचा चेहरा कोणाचा हे तिच्याने सांगता येत नाही. चित्र आहे आणि ओळख नाही, अशी तक्रार पुष्कळदा येते, तिचे मूळ लेन्सच्या निवडीत असते, मेगापिक्सेलमध्ये नसते. शेजाऱ्याची खिडकी चित्रात येत असेल तर ‘प्रायव्हसी मास्क’ने ती झाकावी, आणि खास गरज नसेल तर आवाजाचे रेकॉर्डिंग बंद ठेवावे.

दिवसभर नीट चालणारा कॅमेरा अंधार पडताच बंद-चालू होत असेल, तर वेबपानावरचा ‘लॉग’ उघडावा. संध्याकाळनंतर रीबूटच्या नोंदी रांगेने दिसतील. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबलवर व्होल्टेज पडते. शुद्ध तांब्याची कॅट-६ केबल आणि १०० मीटरच्या आतले अंतर हाच त्यावरचा इलाज आहे. सेटिंग बदलून तो दोष जात नाही.

पासवर्डबाबत हयगय करण्याचा परिणाम जगाने २०१६ मध्ये पाहिला. मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातले साठहून अधिक ठरावीक युजरनेम-पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याच माऱ्याने डाइन या, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे तासन्‌तास उघडेनात. आता नामवंत कंपन्यांचे नवे कॅमेरे पहिल्या वापराच्या वेळी नवा पासवर्ड ठेवायला लावतात. पण बसवणारा आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकच पासवर्ड ठेवतो, त्यामुळे धोका कायम राहतो. पासवर्ड सोसायटीने स्वतः ठरवावा. त्यात ‘ॲट’चे चिन्ह टाळावे, कारण आरटीएसपीच्या (नेटवर्कवरून चित्र मागवण्याच्या पद्धतीच्या) पत्त्यात त्याच चिन्हाने पासवर्ड संपतो असे धरले जाते आणि चित्र येत नाही. एनव्हीआरसाठी वेगळा युजर करावा, पहारेकऱ्याला फक्त पाहण्याचा अधिकार असलेला युजर द्यावा, आणि अॅडमिनचा पासवर्ड सचिवांकडे बंद लिफाफ्यात ठेवावा.

कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलल्यावर एनव्हीआरमध्येही तो लगेच बदलावा लागतो. राहिला तर एनव्हीआर जुन्याच पासवर्डने पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, कॅमेरा खाते काही वेळासाठी कुलूपबंद करतो आणि बरोबर पासवर्ड टाकणारा माणूसही बाहेर राहतो. तेव्हा कॅमेरा रीसेट करत बसू नये. आधी एनव्हीआरची केबल काढावी, कुलपाची मुदत संपू द्यावी, मग आत शिरावे.

बाहेरून चित्र पाहता यावे म्हणून राउटरवर ८०, ५५४, ८००० किंवा ३७७७७ हे पोर्ट (बाहेरून आत येण्याची दारे) उघडून ठेवण्याची जुनी सवय आता सोडलीच पाहिजे. सीव्हीई-२०१७-७९२१ (सुरक्षा दोषांच्या जागतिक यादीतला क्रमांक) या दोषामुळे हिकव्हिजनच्या अनेक मॉडेलांत पासवर्डशिवाय शिरता येत होते, तर २०२१ मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०२१-३६२६० मुळे बाहेरचा माणूस कॅमेऱ्यावर हवे ते हुकूम चालवू शकत होता. दाहुआतही त्याच वर्षी लॉगिन चुकवणारे दोष निघाले. कंपन्यांनी दुरुस्त फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतले सॉफ्टवेअर) दिले, पण ते भरले नाही तर कॅमेरा तसाच उघडा राहतो. कॅमेऱ्याच्या नेटवर्क पानावर यूपीएनपी बंद करावे, कारण ते सुरू असले की कॅमेरा राउटरला सांगून पोर्ट उघडून घेऊ शकतो. बाहेरून पाहायचेच असेल तर राउटरवर वायरगार्डसारखे व्हीपीएन (इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरण्याचा खासगी, सुरक्षित मार्ग) लावावे. ते झेपत नसेल तर कंपनीचे क्लाउड ॲप वापरावे, पण कॅमेऱ्याचा क्यूआर कोड कोणाकोणाच्या मोबाइलवर स्कॅन झाला आहे हे तपासून, बसवणाऱ्याचे नाव आधी काढून टाकावे.

फर्मवेअर नेमक्या मॉडेलचे आणि कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावे, आधी सेटिंगची फाइल ‘एक्स्पोर्ट’ करावी आणि यूपीएसवर असतानाच अपडेट करावे. मध्येच वीज गेली तर कॅमेरा पुन्हा उठत नाही. नवी खरेदी करणाऱ्यांनी हेही पाहावे की केंद्र सरकारच्या ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीचे आवश्यक निकष घातले आहेत आणि त्यांची अंमलबजावणी ९ एप्रिल २०२५ पासून सुरू झाली आहे. कोटेशनमध्ये मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्यावा आणि त्याच मॉडेलचे प्रमाणपत्र मागावे.

परिसराच्या बैठकीत पोलीस अधिकारी ‘किती कॅमेरे आहेत’ असे विचारतात. त्यांना आमची विनंती आहे की, घड्याळ किती चुकते आणि रेकॉर्डिंग प्रत्यक्षात किती दिवस टिकते, हेही त्याच वेळी विचारावे. सोसायट्यांनी करारातच असे लिहावे की बिलातली शेवटची दहा टक्के रक्कम एक कागद हाती आल्यावरच दिली जाईल. त्या कागदावर प्रत्येक कॅमेऱ्याचे ठिकाण, पत्ता, मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, बिटरेट, टाइम झोन आणि युजरांची यादी असावी, आणि सोबत सेटिंगची एक्स्पोर्ट केलेली फाइल पेनड्राइव्हवर असावी.

आपला विश्वासू,
नेटवर्क कॅमेऱ्यांच्या जोडणीचे काम करणारा एक वाचक