सात की आठ

वडगाव, बेळगाव

चि. सौ. माधुरी हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू लेकराला घेऊन स्टेशनवर तासभर ताटकळलीस, ते माझ्या मनातून जात नाही. फोनवर तू गाडी सातला पोचते म्हणालीस. मी आठ ऐकलं आणि आठला आलो. त्या रात्री जेवताना जावईबापू हळू आवाजात म्हणाले, "बाबांना हल्ली विसरायला व्हायलंय." त्यांचा आवाज जाड, म्हणून ते मला नीट ऐकू आलं. तू मान हलवलीस. मी गप्प बसलो. पण पोरी, मी विसरलो नव्हतो. मला ते ऐकूच आलं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर कान तपासून घेतले. आधी मळ काढला, मग काचेच्या बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाजाला मी पटापट बटण दाबलं. बारीक आवाजाची पाळी आली तेव्हा नुसता बसून राहिलो, मला वाटलं तपासणी थांबली.

तिथल्या बाईंनी समजावून सांगितलं. कानाच्या आत शंखासारखा भाग असतो, त्यात बारीक केसाळ पेशी असतात. उंच आवाज टिपणाऱ्या पेशी तोंडाशी असतात आणि वयाबरोबर त्याच आधी झिजतात. एकदा गेल्या की परत येत नाहीत. स, श, त, ठ, फ ही अक्षरं त्या उंच पट्टीतली. 'आ' खालच्या पट्टीतला, तो पोचतो. म्हणजे तू 'सात' म्हण नाहीतर 'आठ', माझ्यापर्यंत येतो तो फक्त मधला 'आ'. कन्नडमध्ये त्याहून अवघड. मराठीत अर्धा शब्द कळला तरी उरलेला जुळवता येतो. मंडईत भाजीवाली ऐवत्तु म्हणाली की अरवत्तु, पन्नास की साठ, हे मी तिची बोटं बघून ठरवायचो.

माझ्या बाबतीत वयाच्या जोडीला यंत्रमागही आहे. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाजात राहिलं की कान हळूहळू जातात, आणि मागांच्या शेडमध्ये आवाज ९० च्याही वर असतो. पस्तीस वर्षं मी धोट्याच्या खडखडाटात उभा राहिलो. कुठल्या मागावर धागा तुटला ते पाठमोरा असताना आवाजावरून ओळखायचो, त्याचा मला अभिमान होता. कानात बोळे घालणाऱ्याला आम्ही नाजूक म्हणायचो. ते चुकलं.

आता विसरण्याचं. अर्धं ऐकू आलेलं वाक्य जुळवण्यातच डोकं गुंतून पडतं, तोवर पुढचं वाक्य निघून जातं. जे आत शिरलंच नाही ते आठवणार कुठून? खरं विसरणंही आहे, ते लपवत नाही. ओळखीच्या माणसाचं नाव ओठावर येऊन अडतं. म्हणून रक्तही तपासलं. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. नाव उशिरा आठवणं वयाचं आहे म्हणे. घरची वाट चुकू लागलो, किंवा तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू लागलो, तर मात्र मला लगेच दाखवायला न्या. मी नको म्हटलं तरी न्या.

लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या समितीनं २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण ज्यांवर उपाय करता येतो अशी १४ कारणं दिली. त्यात ऐकू कमी येणंही आहे. कानाला ऐकायचं मशीन लावलं म्हणजे विसर पडणार नाही अशी हमी कुणी दिली नाही. तरी मी ते घेतलं. पहिले आठ दिवस ताटवाट्यांचा आवाज डोक्यात जायचा. मग एकदा गोगटे सर्कलजवळ गाडीतून बारीक टिकटिक ऐकू आली, आणि कळलं, वळण संपल्यावरही माझा इंडिकेटर चालूच होता. किती वर्षं असाच चालवत होतो कोण जाणे.

तुला एकच सांगायचंय. माझ्यासाठीचा निरोप आईजवळ देऊ नकोस. मला फोन कर, सावकाश बोल, ओरडू नकोस. ओरडलं की 'आ' तेवढा मोठा होतो, अक्षर तसंच राहतं. समोर असलीस की तोंड माझ्याकडे कर. किती वाजता ते सांगायचं असेल तर मेसेजही टाक. पण बोलायचं ते माझ्याशी बोल.

बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी जातात, हे मला ठाऊक नव्हतं. छकुली दिवाळीत मांडीवर बसून काहीतरी विचारत होती, तीन-तीनदा. मी हसून "होय, होय" म्हणत राहिलो. शेवटी ती उतरून गेली. काल आईला विचारलं, तेव्हा कळलं की ती विचारत होती, "आजोबा, ससा कुठे झोपतो?"

तिला सांग, रानातला ससा गवतात अंगापुरती खळगी करतो आणि तिथेच दबून पडतो. येळ्ळूरच्या शिवारात लहानपणी मी पाहिलाय. उन्हाळ्यात आलीस की तिला घेऊन जातो.

तुझे बाबा