सहा हजारांत कायमचा हक्क

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली 27 वर्षे मी तासगावात दस्त लिहितो. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, भाडेकरार. दहा बाय दहाची खोली भाड्याने द्यायची असली तरी आम्ही महिने लिहितो, अनामत किती आणि परत कधी ते लिहितो. त्यामुळे पुतणीने मोबाइलवर दाखवलेला तिचा करार वाचला, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही.

ती चुलीवरच्या स्वयंपाकाचे रील्स करते. चाळीसेक हजार फॉलोअर्स आहेत. एका मसाला कंपनीने एजन्सीमार्फत तिला एक रील आणि दोन स्टोऱ्यांचे काम दिले. मोबदला 6,000 रुपये आणि मसाल्याचा एक खोका. कागद म्हणजे 14 पानांची इंग्रजी पीडीएफ, ओटीपी टाकला की सही झाली. "काका, त्याच दिवशी सही पाहिजे म्हणाले, नाहीतर काम दुसरीला देणार होते," असे ती म्हणाली. पैसे पाच महिन्यांनी आले.

दीड वर्षाने घरच्या टीव्हीवर यूट्यूब लावले, तर आधी जाहिरात आली. तवा तोच, भाकरी थापणारे हात तिचेच, आवाजही तिचा. पण शेजारी त्या कंपनीचे नवे लोणचे, जे तिने कधी चाखलेलेही नाही. विचारणा केली, तर एजन्सीने सातवे कलम दाखवले. त्यात लिहिले होते की हा व्हिडिओ कंपनी कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत, हवी तशी काटछाट करून, कोणत्याही उत्पादनासाठी वापरू शकेल आणि त्यापोटी वेगळा मोबदला मिळणार नाही. पुढच्याच कलमात वर्षभर दुसऱ्या कोणत्याही खाद्यपदार्थाची जाहिरात करायची नाही, ही अट. गावातल्या लाकडी घाण्याच्या तेलवाल्याचे काम तिने त्यापायी सोडले.

कायदा रील्स करणाऱ्या या मुलांच्या बाजूने अगदीच नाही असे नाही. कॉपीराइट कायदा 1957 सालचा आहे. त्याच्या कलम 19 नुसार हक्क लिहून देताना मुदत नमूद केली नसेल तर ती पाच वर्षे धरतात आणि प्रदेश नमूद नसेल तर भारतापुरता धरतात. पण हे संरक्षण कागद गप्प असतो तेव्हाचे आहे. 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द घातले की त्याचा आधार उरत नाही, आणि नेमके तेच शब्द घातलेले असतात. पैशांचेही तसेच. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून केंद्र सरकारकडे 'उद्यम' नोंदणी केलेल्याचे पैसे समोरच्याने झालेले काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करारात 90 दिवस लिहिले तरी. उशीर झाला तर व्याज. नोंदणी फुकट आहे. पण रील करणाऱ्या मुलीला आपणही उद्योग आहोत हे कुणी सांगितलेले असते का?

मला सर्वांत जास्त खटकले ते करारातले दंडाचे कलम. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी, म्हणजे समाजमाध्यमांवरून जाहिरात करणाऱ्यांसाठी, मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे घेतले असोत वा फुकट वस्तू, ही जाहिरात आहे हे स्पष्ट सांगायचे. ते योग्यच आहे, बघणाऱ्याची फसवणूक होता कामा नये. दिशाभूल झाली तर 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा झाली तर 50 लाखांपर्यंत. परंतु 'शंभर टक्के भेसळमुक्त' हे वाक्य पुतणीला कंपनीनेच लिहून दिले होते, आणि त्यावरून काही दंड, दावा, खर्च उद्भवला तर तो सर्वस्वी तिने सोसायचा, असे करारात होते. मालाबद्दल असे वाक्य लिहून देणाऱ्या कंपनीनेच त्याचा पुरावा द्यावा, तपासणीचा अहवाल करारासोबत जोडावा, ही किमान अट हवी.

आमच्याकडच्या दस्तात शेवटी लिहितात, 'हा दस्त राजीखुशीने, अक्कलहुशारीने, वाचून समजून लिहून दिला.' चौदा पाने इंग्रजी आणि ओटीपीची दोन मिनिटे. यात समजून कुठे आले?

घरखरेदीत पूर्वी बिल्डर म्हणेल तोच करार असे. 2017 पासून महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाच्या, व्यवस्थेत आदर्श करारनामा आला आणि निदान बोट ठेवायला जागा मिळाली. ग्राहक व्यवहार विभागाने तसाच नमुना रील्सवरच्या जाहिरातींसाठी काढावा, मराठीसह सगळ्या भाषांत. कोणता व्हिडिओ, कोणत्या उत्पादनासाठी, किती महिने, कोणत्या माध्यमावर, पैसे किती दिवसांत, आणि मुदत वाढवायची तर जादा किती, एवढे दोन पानांत मावते. मी लिहून पाहिले आहे.

गेल्या महिन्यात पुतणीला दुसऱ्या एका कंपनीचा कागद आला. तिने 'कायमस्वरूपी' काढून 'सहा महिने, फक्त इन्स्टाग्राम' करा, असा साधा मेल मराठीत पाठवला. दोन दिवसांत दुरुस्त प्रत आली. आपल्या दैनिकाने जाणकार वकिलांकडून असा मराठी नमुना तयार करून छापावा, ही विनंती. तोवर कुणाला माझी दोन पाने हवी असतील तर मी ती मोबदला न घेता देईन.

आपला,
एक दस्तलेखक, तासगाव (जि. सांगली)