अंदमानची सहल आणि ओहोटीची वेळ

महोदय,

दिवाळीच्या सुट्टीतल्या अंदमान सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत. त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत शहीद द्वीपचा, म्हणजे पूर्वीच्या नील बेटाचा, दिवस साधारण असा असतो : सकाळी बोटीने आगमन, भरतपूर किनारा, जेवण, नॅचरल ब्रिज, लक्ष्मणपूरला सूर्यास्त. एक तारखेला हाच क्रम आणि पंधरा तारखेलाही हाच. समुद्र काही असा वागत नाही. हॉटेलला किती तारे आहेत हे ठळक छापतात, तशी त्या दिवसाची ओहोटीची वेळही छापावी, एवढीच सहल कंपन्यांना विनंती आहे.

नॅचरल ब्रिज ही प्रवाळखडकाची कमान लक्ष्मणपूर क्रमांक 2 च्या किनाऱ्यावर आहे. बेटावरचे बंगाली गावकरी तिला हावडा ब्रिज म्हणतात. खाली उतरल्यावर खडकाळ पट्ट्यावरून बरेच चालावे लागते आणि भरतीला हा पट्टा पाण्याखाली जातो. त्यामुळे भरतीच्या वेळी पोचलेल्या कुटुंबाला लांबून फोटो काढून परतावे लागते आणि रिक्षाचे भाडे पडते ते वेगळेच. ओहोटीच्या साधारण तासभर आधी, पाणी उतरत असताना, चालायला लागावे. पाणी फिरले की परत निघावे. खरी मजा कमानीत नाहीच, वाटेवरच्या डबक्यांत आहे : समुद्रकाकडी, तारामासे, शिंपले, बोटभर लांबीचे मासे. बघावे, हात लावू नये.

ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. आज दुपारी 1 वाजता असेल तर चार दिवसांनी ती सव्वाचारच्या पुढे गेलेली असते. शिवाय सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एकदोन दिवसांत उधाण असते. तेव्हा पाणी सुमारे दोन मीटर चढते-उतरते आणि खडक चांगला उघडा पडतो. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो तेव्हा, मात्र ते धड उतरतच नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे भाऊबीज ते पंचमी हे दिवस या बेटाला उत्तम. भाऊबीज उरकून सावकाश निघणारी आणि आधी सेल्युलर जेल, मग स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) करत इथे पोचणारी मंडळी नेमकी भांगात सापडतात. त्यांनी बेटांचा क्रम उलटा लावून पाहावा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला 'तिथीची पाऊणपट' हा हिशेब इथे वापरू नये. भरतीची वेळ बंदरागणिक वेगळी असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पोर्ट ब्लेअरच्या (आताच्या श्री विजयपुरमच्या) वेळा मिळतात, नियोजनाला त्या पुरतात.

दुसरी गफलत सूर्याची. अंदमान मुंबईच्या वीसेक रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ एकच. नोव्हेंबरअखेरीस पोर्ट ब्लेअरला सूर्य साडेपाचच्या आत उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. मुंबईत तेव्हा सूर्यास्ताला तासभर अवकाश असतो. ऊन डोक्यावर येते ते अकराच्या सुमारास. नाश्ता करून दहाला बाहेर पडायची आपली सवय इथे अर्धा दिवस खाते. जेवण साडेअकरालाच उरकावे. 'चारला निघू, साडेपाचला सूर्यास्त पाहू' म्हणणाऱ्यांच्या वाट्याला अंधार येतो. आणि ओहोटी संध्याकाळी पाचची असेल तर ब्रिजचा नाद सोडलेला बरा. अंधारात त्या खडकावरून आजी-आजोबांना परत आणणे हा खेळ नाही.

पायांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण दुखापती इथेच होतात. प्रवाळखडक करवतीसारखा धारदार असतो आणि शेवाळामुळे निसरडाही. साधी चप्पल डबक्यात अडकून निघते, अनवाणी तळवा कापतो. मागे पट्टा असलेली, जाड तळव्याची सँडल हवी. हात मोकळे ठेवावेत, मोबाइल खिशात. खरचटले तर लगेच गोड्या पाण्याने भरपूर धुवावे, आत कण राहिले असतील तर काढावेत आणि जंतुनाशक लावावे. 'एवढेसे तर आहे' म्हणून सोडलेली प्रवाळाची जखम आठवडाभर चिघळते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वर झाडाच्या सावलीत शहाळे पीत बसावे, त्यात कमीपणा नाही.

भरतपूरची काचेच्या तळाची बोट नेमकी उलट्या हिशेबाची. तिला पाणी हवे आणि वरून ऊन हवे. नऊ ते बारा ही वेळ चांगली, पण त्याच वेळी ओहोटी असेल तर बोट उथळ प्रवाळावर नेता येत नाही. अशा दिवशी सकाळी ब्रिज करून पाणी चढल्यावर भरतपूरला यावे. बेट लहान आहे, रिक्षाने इकडून तिकडे जायला वेळ लागत नाही.

परतीची बोट खराब हवेत रद्द होते, म्हणून शहीद द्वीपचा दिवस विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नये. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. मूळ ओळखपत्र आणि पुरेशी रोख जवळ हवीच. मुलांच्या खिशातले प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरच टाकायला लावावेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे, मेलेला तुकडासुद्धा विमानतळावरच्या तपासणीत काढून घेतात.

— एक वाचक, ठाणे